वाचकांचे प्रश्न: वाडीतला बीपी, होडीतली गोळी आणि शहाळ्याचं पाणी

या वेळची सगळी पत्रं वर्षानुवर्षं साथ न सोडणाऱ्या आजारांबद्दल आहेत. नऊ वर्षांच्या मुलाच्या आईनेही लिहिलंय आणि शहात्तर वर्षांच्या आईच्या मुलानेही. वय बदललं की तोच आजार वेगळा वागतो, म्हणून उत्तरं वयाला धरून दिली आहेत. गोळी सुरू करणं, बंद करणं किंवा डोस बदलणं हे मात्र तुमच्या डॉक्टरांचं काम.

आमच्या वाडीत आशाताईंनी ३० वर्षांवरच्या १०० जणांचं बीपी तपासलं. ४१ जणांचं वाढलेलं निघालं. मुंबईत आमच्याच भावकीच्या चाळीत असाच कॅम्प झाला, तिथे १०० मध्ये २९. गावात आता सगळे म्हणतात की विहिरीच्या पाण्यात काहीतरी आहे. खरंच तसं असेल का? आणि पेपरात ‘आजारांचं ओझं’ म्हणून जे आकडे येतात, ते कशाचे?
— गुहागर तालुका

विहिरीला दोष देण्याआधी वाडीत कोण राहतं ते मोजा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. तरणी माणसं चाकरमानी झाली आणि घरं म्हाताऱ्यांच्या ताब्यात राहिली, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

तुम्ही वयं कळवलेली नाहीत, म्हणून समजून चालू. समजा ३० ते ४९ वयात १०० पैकी २० जणांना आणि पन्नाशीनंतर १०० पैकी ५० जणांना बीपी आहे. हा दर गावात आणि चाळीत अगदी सारखाच धरा. वाडीतल्या १०० जणांत ३० तरुण आणि ७० वयस्क असतील, तर ६ आणि ३५ मिळून ४१ होतात. चाळीत ७० तरुण आणि ३० वयस्क असतील, तर १४ आणि १५ मिळून २९. आले की नाही तुमचेच आकडे? पाण्याचा संबंधच आला नाही, फक्त माणसं वेगळ्या वयाची निघाली. म्हणून दोन गावांची, दोन राज्यांची किंवा दोन देशांची तुलना करताना जाणकार आधी वयाचा फरक काढून टाकतात. त्याला वय-प्रमाणित दर म्हणतात. आशाताईंच्या वहीत वयाचा रकाना असतोच. त्यावरून दहा-दहा वर्षांचे गट पाडा. एकाच वयोगटात वाडी आणि चाळ यांच्यात मोठा फरक उरला, तर मग मीठ, तंबाखू आणि पोटाचा घेर यांच्या मागे लागा.

आता ओझं. ही मोजणी १९९० च्या दशकात ख्रिस्तोफर मरे आणि ॲलन लोपेझ यांनी रूढ केली. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालातून ती जगापुढे आली. नुसते मृत्यू मोजले की पाठदुखी, नैराश्य, अर्धशिशी हिशेबातून गळतात, कारण त्यांनी माणूस मरत नाही, झिजतो. म्हणून दोन गोष्टींची बेरीज करतात: अकाली मृत्यूने गेलेली वर्षं आणि आजारपणात काढलेली वर्षं. आजारपणाच्या वर्षाला त्रासाच्या मानाने ० ते १ मधलं वजन देतात. हिशेब सोपा करायला आयुष्य ८० वर्षांचं धरू (खरं कोष्टक थोडं वेगळं असतं). ४५ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेलेल्याची ३५ वर्षं गेली, ७५ व्या वर्षी गेलेल्याची ५. कंबरदुखीला ०.२ वजन धरलं आणि ती १० वर्षं टिकली, तर २ वर्षं गेली. एका माणसाची २ वर्षं म्हणजे किरकोळ वाटतात, पण २०२० साली जगात जवळजवळ ६२ कोटी लोकांची कंबर दुखत होती.

या मोजणीतून वयाचं चित्र उघडं पडतं. पंधराच्या आत दमा, फिट्स, लहानपणीचा मधुमेह आणि घसा सुजण्यातून पुढे हृदयाच्या झडपा बिघडवणारा संधिवाताचा ताप. पंधरा ते तीसमध्ये अर्धशिशी, नैराश्य, पाठ. तिशी-चाळिशीत बीपी आणि साखर आवाज न करता शिरतात आणि त्यांची वसुली पन्नाशीनंतर सुरू होते: हृदय, पक्षाघात, किडनी, कर्करोग. सत्तरीनंतर हे सगळं असतंच, वर मोतीबिंदू, बहिरेपण, सांधे आणि विसरभोळेपणा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली असंसर्गजन्य, म्हणजे एकापासून दुसऱ्याला न लागणाऱ्या, आजारांनी किमान ४ कोटी ३० लाख माणसं गेली. त्यातली १ कोटी ८० लाख सत्तरीच्या आत गेली आणि या अकाली गेलेल्यांपैकी ८२ टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. तेव्हा ‘हे श्रीमंतांचे आणि म्हाताऱ्यांचे आजार’ हे वाक्य विसरलेलं बरं. भारतात १९९० साली दर १०० मृत्यूंपैकी ३८ या आजारांचे होते, २०१६ साली ६२ झाले. यातली थोडी वाढ चांगल्या कारणाने आहे. जुलाब-गोवराने मरणारी पोरं वाचली आणि मोठी झाली. बाकीची वाढ आपण कमावलेली.

आमच्या बोटीवर तांडेल (बोटीचा म्होरक्या) धरून १४ जण. बहुतेक तीस ते पंचेचाळीस वयाचे, दणकट. कुणाला काही त्रास नाही. तरी तपासणी करून घ्यावी का? दोघांना बीपीच्या गोळ्या आहेत, पण दर्यावर गोळी चुकतेच.
— हर्णै

त्रास नाही म्हणूनच तपासायचं. २०१९ साली जगात ३० ते ७९ वयातल्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नव्हता, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. वर्षाची तपासणी त्याच दिवसांत उरकून टाकायची. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर वर्षातून एकदा मोफत बघतात. तोंडाच्या कर्करोगाची तपासणी पाच वर्षांतून एकदा असते, पण तंबाखू खाणाऱ्याने तेवढी वाट बघू नये.

बीपी मोजण्यात चुका फार होतात. आधी अर्धा तास चहा नको, विडी-तंबाखू नको. लघवी करून यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसायचं. पायावर पाय नको. हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, शर्टाच्या बाहीवरून नाही. तुमच्या लोकांच्या बाबतीत खरी गोम पट्ट्यातच आहे. जाळं ओढून दंड जाड झालेले असतात आणि यंत्रासोबत येणारा मधला पट्टा त्यांना अपुरा पडतो. आतल्या हवेच्या पिशवीने दंडाचा किमान ८० टक्के घेर व्यापायला हवा, नाहीतर आकडा खोटाच वर जातो. मोठा पट्टा मागून घ्या. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त, घरी १३५/८५ किंवा जास्त येत राहिलं, तर डॉक्टर गाठा. आकडा १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, हातापायातलं बळ जाणं यातलं काही असेल, तर घरी पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

टेपही जवळ ठेवा. पुरुषाचा पोटाचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० ही आपल्याकडची मर्यादा. मोजायचं शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे, कारण पट्टा ढेरीच्या खाली बसतो.

गोळ्यांचं म्हणाल तर त्या स्ट्रिपमधून काढून पुडीत बांधू नका, खाऱ्या दमट हवेत खराब होतात. अख्खी स्ट्रिप घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा तांडेलाच्या ताब्यात द्या. जेवढे दिवस दर्यावर, त्यापेक्षा तीन दिवसांच्या गोळ्या जास्त. सकाळची गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एकच, दोन कधीच नाही. अम्लोडिपिनचा असर रेंगाळतो, एक चुकली तरी आभाळ कोसळत नाही. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या गोळ्या मात्र अचानक तुटल्या की नाडी आणि बीपी उसळतं. तुमच्या दोघांची गोळी यातली कोणती, ते बंदर सोडण्याआधी विचारून ठेवा.

शेवटी तोंड. आरशासमोर आ करा. स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील, तिखट झोंबत असेल, पांढरा-लाल चट्टा किंवा फोड दोन आठवड्यांत गेला नसेल, तर दंतवैद्याकडे जा. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ हे आपल्या किनाऱ्यावर फार ऐकू येतं. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरलेली आहे. घरातल्या बायकांच्या मशेरीलाही हेच लागू. ती दात घासण्याची पूड नाही, भाजलेला तंबाखू आहे.

मुलगा ९ वर्षांचा, टाइप १ मधुमेह, वजन २७ किलो. सरकारी रुग्णालयातून इन्सुलिनची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज मिळते. मुंबईच्या मामाने पेनाच्या कार्ट्रिज आणून दिल्या, पण पेन बिघडलं. कार्ट्रिजमधून त्याच सिरिंजने इन्सुलिन काढलं तर चालेल? पावसात आमच्याकडे दोन-दोन दिवस लाइट नसते.
— राजापूर तालुका

नाही. अजिबात नाही. हे उत्तर घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी असते, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. कार्ट्रिजमध्ये १ मिलीत १०० युनिट असतात. लाल सिरिंजवर १० च्या रेघेपर्यंत ओढलं की ०.२५ मिली येतं. बाटलीतलं असेल तर ते १० युनिट, कार्ट्रिजमधलं असेल तर २५. अडीचपट. एवढ्या डोसाने मूल झोपेतच बेशुद्ध पडू शकतं. उलटी चूकही होते: ४० ची बाटली आणि नारिंगी टोपणाची १०० ची सिरिंज. तिथे १० च्या रेघेला फक्त ४ युनिट जातात आणि साखर का चढतेय ते कुणाला कळत नाही. म्हणून दर वेळी बाटलीवरचा ४० आणि सिरिंजवरचा ४० मोठ्याने वाचायचा. शिवाय सुईने ओढलेल्या कार्ट्रिजमध्ये हवा शिरते, पुढे पेनात घातली की डोस चुकतो.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, बर्फाच्या खणापासून लांब. एकदा गोठलेलं वितळल्यावर चांगलं दिसलं तरी टाकून द्या. वापरात असलेली बाटली साधारण २८ दिवस घरातल्या थंड, सावलीच्या जागी चालते (नेमके दिवस आणि तापमान सोबतच्या कागदावर असतं). उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. म्हणजे पावसाळ्यातल्या दोन दिवसांच्या अंधाराला घाबरू नका. फ्रिजचं दार सतत उघडू नका, एवढंच. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. तेव्हा दोन मडकी एकात एक, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं आणि बाटली कोरड्या प्लास्टिकच्या डबीत. वाळूतलं पाणी उडून जाताना हे मडकं थंड होतं. म्हणूनच आषाढातल्या दमट हवेत ते फारसं काम करत नाही, पण तेव्हा त्याची तेवढी गरजही नसते.

पाण्यासारखं दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं तर टाका. दुधाळ प्रकार दोन्ही तळहातांत २० वेळा हळू घोळवा, गदागदा हलवू नका. मूल घामाघूम झालं, थरथरलं किंवा विनाकारण रडायला लागलं तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर त्याच्या वजनाला दोन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि रुग्णालय गाठा. एक चिठ्ठी शाळेतल्या बाईंकडेही द्या. या वयात हा आजार आकड्याने थोडा, पण पुढची साठ-सत्तर वर्षं सांभाळायची असतात.

वडील ६८, मधुमेह १५ वर्षं, क्रिएटिनिन २.१. घरचा हापूस आहे. किती खाऊ द्यावा? शहाळं तर साधंच, ते चालतं ना?
— देवगड

आंब्याची भीती जरा जास्त आणि शहाळ्याची फारच कमी, असं आपल्याकडे झालंय. १०० ग्रॅम गरात १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. मध्यम हापूसचा गर म्हणजे साधारण एका पोळीइतकी. साखर ताब्यात असेल तर अर्धा आंबा, कापून, जेवणातली अर्धी पोळी कमी करून. जेवणावर वर नाही. आमरस नको, कारण वाटीभर रसात दोन-तीन आंबे कधी गेले ते कळत नाही.

शहाळ्याच्या १०० मिली पाण्यात सुमारे २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एका पेल्यात ५००. चांगली किडनी ते सहज बाहेर टाकते, पण २.१ क्रिएटिनिनवाली, म्हणजे कामात कमी पडलेली, किडनी नाही. त्यात बीपीची टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, तेही आधी काही न जाणवता. रक्तातलं पोटॅशियम तपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत शहाळं बंद. बाजारात मिळणारं ‘लो सोडियम’ मीठही त्यांना नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम म्हणतात. ते मोजायचं कसं? आमच्याकडे सुकी मासळी रोजची.
— मालवण

चमचा मोजू नका, पिशवी मोजा. नवी पिशवी फोडलीत की तिच्यावर तारीख घाला. चार मोठ्या माणसांच्या घरी ५ ग्रॅमने महिन्याला ६०० ग्रॅम होतं. किलोची पिशवी ५० दिवस पुरली पाहिजे. तीन आठवड्यांत संपत असेल, तर उत्तर मिळालं. लोणचं, पापड, मिरगुंडं, फरसाण यांतलं मीठ या हिशेबाच्या वर. सैंधव घेऊन सुटका नाही, तेही मीठच.

सुक्या मासळीत दोन जाती आहेत. जवळा, सुके बोंबील बहुतेक वेळा बिनमिठाचे, नुसते उन्हात वाळवलेले. खारा बांगडा, खारवलेली सुरमई मिठात मुरवलेली. खाऱ्याचे लहान तुकडे करून अर्धा-अर्धा तास दोनदा पाण्यात ठेवा, दोन्ही पाणी फेका आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नका. पेजेबरोबर तोंडी लावायला खाराच हवा असेल तर आठवड्यातून एकदा, बोटाएवढा. आणि जेवताना ताटात मीठ वाढण्याची पद्धत असेल तर ती आजपासून मोडा. सर्वांत स्वस्त उपाय तोच.

आई ५५, तंबाखूला कधी शिवली नाही. तरी दम लागतो, डॉक्टर पंप देतात, फरक नाही.
— माणगाव

चूल किती वर्षं फुंकली ते विचारा. लाकडाचा धूर फुप्फुसांचं विडीसारखंच नुकसान करतो. फुंकून करायची स्पायरोमेट्री तपासणी करून घ्या, म्हणजे दमा की सीओपीडी (धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) ते ठरेल. फरक न पडण्याचं नेहमीचं कारण पंप घशात फवारला जाणं. स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची प्लास्टिकची नळी, मागून घ्या. पंप हलवा, स्पेसरला लावा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटून एकदा दाबा, सावकाश आत ओढा, १० पर्यंत मोजत श्वास धरा. दुसरा पफ मिनिटाने. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

मी डोंबिवलीत, आई ७६, लांज्याजवळ एकटी. नऊ गोळ्या चालू. गणपतीच्या आधी पायरीवर पडली, हाड वाचलं. इथून काय करू शकतो?
— चाकरमानी वाचक

पुढच्या खेपेला गेलात की आधी बीपीचं यंत्र काढा. आईला ५ मिनिटं आडवं ठेवून मोजा, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर उठताना चक्कर येऊन तोल जातोय. तेव्हा गोळ्या कमी करायचा विचार डॉक्टरांनी करायला हवा. या वयात बीपी जरा चढं असण्यापेक्षा मोडलेला खुबा पुष्कळदा महाग पडतो.

मग नऊच्या नऊ स्ट्रिप एका कागदावर उतरवा. दोन वेगळ्या नावांनी एकच औषध दोनदा चालू असणं हे नेहमीचं, कारण रत्नागिरीचे डॉक्टर वेगळे आणि मुंबईचे वेगळे. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शोधा. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी आणि वेदनाशामक हे त्रिकूट पाणी आटलेल्या म्हाताऱ्या शरीरात चार दिवसांत किडनी बसवू शकतं, विशेषतः जुलाब-उलट्या चालू असताना. झोपेची गोळी असेल तर तिचंही विचारा. कोणतीही एकदम तोडू नका.

पायऱ्या जांभ्याच्या असतील तर श्रावणात त्यांवर शेवाळ धरणारच. ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याच्या ब्रशने घासून घ्यायला कुणाला तरी महिन्याचे पैसे ठरवा. पहिल्या पायरीपासून शेवटच्यापर्यंत सलग लोखंडी दांडा बसवा. अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत चार्जिंगचा दिवा, कारण लाइट रात्रीच जाते. मोतीबिंदू तपासला नसेल तर तपासा.

आणि व्हिडिओ कॉलवर खुर्चीत बसवून हात छातीशी धरून पाच वेळा उठा-बस करायला सांगा, शेजारचं कुणी बाजूला उभं असताना. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर मांड्यांतलं बळ गेलंय. हीच उठा-बस रोज दोन वेळा, आधी हाताचा आधार घेऊन, तीन महिने करवून घ्या आणि पुन्हा सेकंद मोजा. सोबत जेवणात एक अंडं, माशाचा तुकडा किंवा कुळथाची वाटीभर पिठी वाढवा. एकटी बाई बऱ्याचदा पेज-लोणच्यावर दिवस काढते आणि फोनवर विचारलं की ‘जेवले’ म्हणते, म्हणून काय जेवलीस ते विचारा.